ऐवजी येणारी माणसं

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज रुजू झालो. पाणीपुरवठा खात्यातून मला उचललं आणि थेट एचआयव्हीच्या औषध केंद्राचा प्रमुख करून बसवलं. इथे आजारी माणसांना दर महिन्याला फुकट औषध मिळतं, तेही जन्मभर. मला औषधातलं ओ की ठो कळत नाही, आणि तसं वरच्या साहेबांना सांगितलंही. ते म्हणाले, "कळणारे तिथे आहेत. तुम्हाला बोगस माणसं पकडता येतात ना, मग झालं." चोरून जोडलेले नळ शोधण्यात माझा हात कुणी धरत नसे, हे खरंच आहे. लिहायला लाजत नाही, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही.

इमारत पाहून डोळे दिपले. आपोआप सरकणारं काचेचं दार, आत गुबगुबीत खुर्च्यांचा हॉल, भिंतीवर मोठी स्क्रीन आणि तिच्यावर नंबर. माझ्या खोलीत सोफा, एसी, कॉफीचं मशीन. शिवाय रस्त्यापलीकडे क्वार्टर आणि दिमतीला गाडी. आजाऱ्यांसाठी आलेल्या पैशातून पहिलं भलं माझंच झालं, असं घरी हिला म्हटलं. ती हसली नाही.

हे पद मिळाल्याची बातमी सांगितली तेव्हाही ती "तेच केंद्र?" एवढंच म्हणाली होती आणि हातातलं झाकण खाली पडलं होतं. मी म्हटलं, "अगं, हवेतून लागत नाही तो रोग. आणि मी काय पेशंटांच्या मांडीला मांडी लावून बसणार आहे?" ती "नाही" म्हणाली आणि झाकण धुवायला गेली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आठवडाभर हॉलमध्ये जाऊन बसतोय. सगळं सुरळीत चाललंय आणि तेच मला खटकतंय.

आजारी असं इथे कुणी दिसतच नाही. सगळे धडधाकट. कुणी कण्हत नाही, कुणी नर्सला थांबवून काही विचारत नाही. स्क्रीनवर नंबर येतो आणि क्षणभर हॉलमध्ये कुणीच हलत नाही. मग एखादा हातातल्या कार्डाकडे बघतो, पुन्हा स्क्रीनकडे बघतो आणि उठतो. वर्षानुवर्षं येणाऱ्या माणसाला स्वतःचा नंबर पाठ होत नाही, हे मला चमत्कारिक वाटतं.

आज एका आजोबांच्या शेजारी बसलो. विचारलं, "काय आजोबा, तब्येत कशी आहे?"

"बरी आहे की त्यांची," ते म्हणाले.

"कुणाची?"

ते माझ्याकडे बघत राहिले. भलत्या घराची बेल वाजवल्यावर माणूस बघतो ना, तसं. मग "बरी आहे, साहेब," म्हणाले आणि उठून लांबच्या खुर्चीत जाऊन बसले. उठताना त्यांच्या हातातलं कार्ड दिसलं. त्यावर ‘स्त्री’ असं छापलं होतं.

सिस्टरना सांगितलं. त्या केंद्र सुरू झाल्यापासून इथे आहेत, निवृत्तीला आल्यात, स्वभावाने तुसड्या. कपाटातून मान बाहेर न काढता म्हणाल्या, "नवीन आहात. होईल सवय."

मला सवय व्हायला नको आहे. मी घरी आलो तरी ते आजोबा डोळ्यांसमोरून जाईनात. ही म्हणाली, "चेहरा का असा?" मी म्हटलं, "आमच्या हॉलमध्ये माणसं येतात, पण आलेली कोण आहेत तेच कळत नाही." तिने ताटं घेतली, मग रोजच्यासारखी जेवणानंतरची थायरॉइडची गोळी घेतली आणि "आता झोपा," म्हणाली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज धक्काच बसला. हॉलमध्ये आमची पडदेवाली बसली होती.

ही बाई आमच्याकडे दर महिन्याला येते. आमच्या हिला पडद्यांचं भारी वेड, त्यामुळे आमच्या घरात खिडक्या कमी आणि पडदे जास्त. बाई मापं घेते, कापडाची पिशवी ठेवते, चहा पिते, दोघी आतल्या खोलीत जरा वेळ बोलतात आणि ती जाते. बोलायला गोड, हसतमुख. मला पाहताच तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी मान वळवली, उगाच बिचारीला लाज नको.

पण घरी आल्यावर राहवलं नाही. खरं म्हणजे सांगायचं नसतं, तसा नियम आहे. हिला म्हटलं, "तुझ्या पडदेवालीला तो आजार आहे. तिला घरी बोलावत जाऊ नकोस. तिच्याकडे सुया असतात, कुठे टोचली-बिचली म्हणजे?"

ही भाजी चिरत होती. चिरायची थांबली. "मग तिने काय करायचं?" तिने विचारलं.

"कशाचं काय करायचं?"

"कुणी घरी बोलावलं नाही तर."

औषध मिळतंय ना फुकट, असं काहीतरी बोललो. ती पुन्हा चिरायला लागली, आणि मग खूप वेळ, भाजी संपली तरी, रिकाम्या फळीवर सुरी चालत राहिली. मी "अगं" म्हटल्यावर थांबली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सिस्टरना आज खोलीत बोलावलं, दार लावलं, आणि स्पष्टच विचारलं. त्याही स्पष्टच बोलल्या.

"त्यांना आम्ही ‘ऐवजी’ म्हणतो," त्या म्हणाल्या. "आजारी माणूस इथे येत नाही, साहेब. आला आणि कुणी पाहिलं, तर त्याची नोकरी जाते, भाड्याची खोली जाते, जुळलेलं लग्न मोडतं. म्हणून त्याच्या ऐवजी दुसरं कुणीतरी येतं. कार्ड दाखवतं, औषध नेतं."

"आणि रक्त तपासायचं असतं ते?"

"ते मी घेते त्यांच्या घरी जाऊन. फार उपकार करते असं नाही. रिपोर्ट चांगले आले की माझंही बरं लिहिलं जातं वर."

"आणि या ‘ऐवजीं’ना काय मिळतं?"

"ज्याचं त्याला मिळतं काहीतरी. कुणाला काम, कुणाला कपडे. कुणी नुसतं मायेने येतं."

म्हणजे तो हॉल भरतो तो सगळा बदली माणसांनी. मी रोज ज्यांच्याकडे बघून ‘आपले रुग्ण’ म्हणत होतो, ते कुणीच आपले रुग्ण नाहीत. खरे रुग्ण कुठेतरी दारं लावून बसलेत आणि मला त्यांतला एकही दिसलेला नाही. अंगावर काटा आला. पण मग एकदम बरंही वाटलं, कारण याचा अर्थ पडदेवाली आजारी नाही. विचारलं, "आणि ती पडदे शिवणारी, ती कुणाच्या ऐवजी येते?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ कधी पाहत नाहीत. "ते मला विचारू नका," म्हणाल्या.

मी विचार केला. बाईची गिऱ्हाइकं सगळी बड्या घरची. कुणा साहेबाची बायको असणार आणि त्या शहाण्याला पत्ताही नसणार. पडदे बघून खूश होत असेल बिचारा. मला त्याची कीव आली.

घरी हिची माफी मागितली, म्हटलं, चुकलो, तुझी पडदेवाली ठणठणीत आहे, ती दुसऱ्या कुणाचं औषध नेते. आणि त्या साहेबाचीही गंमत सांगितली. ही मात्र गंभीर झाली. "कळलं तर काय करेल तो?" म्हणाली.

"काय करणार! बाहेर काढेल घरातून. एवढी वर्षं फसवलं म्हटल्यावर."

"तुम्ही काढलं असतंत?"

"मी कुठे साहेब आहे!" मी हसत म्हटलं. "साहेब झालो ते आत्ता, या महिन्यात." ती हसली. तिचे हात गार होते, मी चहाचा कप घेताना लागले.

१७ मार्च, सोमवार

कॅमेरा सुरू झाला. दाराच्या आत, बरोबर समोर. आता प्रत्येकाने स्वतः यायचं, ओळखपत्र दाखवायचं, कॅमेऱ्यासमोर चेहरा उघडा करायचा, मग औषध. वरच्या साहेबांना कल्पना इतकी आवडली की परवानगी हातोहात मिळाली. कॅमेरे विकणारा तर मला मिठीच मारायचा बाकी होता.

सिस्टर खूप भांडल्या. मी त्यांना समजावलं की औषध ‘ऐवजी’ नेतो, पण पोहोचवतो की बाहेर विकतो, हे आपल्याला काय ठाऊक? सरकार एवढं करतंय तर माणसाने एकदा तोंड दाखवायला काय हरकत आहे? लपायचं कशाला, गुन्हा केलाय का? हे बोलताना मला स्वतःचाच अभिमान वाटला. त्या म्हणाल्या, "ज्यांना लपावं लागत नाही, त्यांना हे बोलणं सोपं असतं."

घरी सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "सगळ्यांना? एकालाही सूट नाही?" मी म्हटलं, "एकाला दिली की झालंच." नियम हा नियम.

२१ मार्च, शुक्रवार

हॉल रिकामा. स्क्रीनवर नंबर येतात, घंटी वाजते, खुर्च्या तशाच. कुणी उठत नाही, कारण कुणी बसलेलंच नाही.

पण दार मात्र उघडतं. दिवसभर. आपोआप सरकतं, उघडं राहतं, बाहेरची गरम हवा आत येते आणि मग सरकून बंद होतं. आत कुणी येत नाही. जरा वेळाने पुन्हा तेच. दुपारनंतर मला ते बघवेना. मी खोलीचं दार लावून बसलो, तर ते सरकण्याचा आवाज भिंतीतून यायला लागला.

२७ मार्च, गुरुवार

दार दुरुस्त करणारा आला. शिडीवर चढून त्याने वरचं झाकण काढलं, फुंकर मारली, पुन्हा लावलं. म्हणाला, "दाराला काही झालेलं नाही, साहेब."

"मग उगाच का उघडतं?"

"उगाच नाही उघडत. त्याला माणूस दिसतो म्हणून उघडतं."

"अहो, पण माणूस कुठाय?"

त्याने खांदे उडवले, शिडी मिटली आणि गेला. तो जाताना दार उघडलं. तो गेल्यावर बंद झालं. मी तिथून हललो, खोलीपर्यंत पोहोचलो नाही तोच मागे पुन्हा उघडल्याचा आवाज आला. वळलो. कुणी नव्हतं. धावत बाहेर गेलो तर रस्त्यावर नेहमीसारखी वर्दळ, प्रत्येकजण आपापल्या वाटेने चाललेला, एकही माझ्याकडे बघत नव्हता. इतक्या माणसांतलं एकही डोकं वळत नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला भीती वाटली. कशाची, ते नीट सांगता येत नाही.

२ एप्रिल, बुधवार

ही लहान खोलीत झोपायला लागली आहे. म्हणते, मी घोरतो. लग्न झाल्यापासून घोरतोय, तेव्हा कधी तक्रार नव्हती. मी जवळ गेलो की काहीतरी काम काढून उठते. काल चेष्टेत पाठीवर हात ठेवला तर चटका बसल्यासारखी सरकली. मग स्वतःच येऊन म्हणाली, "रागावू नका. तुमच्याच भल्यासाठी आहे." माझं काय भलं त्यात, ते काही मला समजलं नाही.

जेवणानंतरची तिची गोळीही दिसत नाही. विचारलं तर म्हणाली, "बंद झाली." मी म्हटलं, "अरे वा! म्हणजे बरी झालीस." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आलं. थायरॉइडने म्हणे बायका हळव्या होतात. बंद केल्यानेही होत असतील.

पडदेवाली येत नाही आताशा.

९ एप्रिल, बुधवार

साहेबांचा फोन. आवाजात साखर. "कमाल केलीत! औषधाचा खप किती खाली आला! इतके बोगस होते म्हणजे!" बाहेरून येणाऱ्या मोठ्या पाहुण्यांना, जे हा सगळा पैसा देतात, त्यांना आमचं केंद्र दाखवायचं ठरलंय. माझा सत्कारही होईल म्हणे.

छाती फुगायला हवी होती. मी भांडारात जाऊन पाहिलं. खोके छतापर्यंत लागलेत, मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट. दर महिन्याचं औषध येतंय आणि राहतंय. त्या खोक्यांमध्ये उभं राहिल्यावर बाहेरचं काही ऐकू येत नाही. हे सगळं कुणीतरी गिळायचं होतं आणि ते कुणीतरी आत्ता कुठे आहे, असा विचार आला आणि मी झटकन बाहेर पडलो.

संध्याकाळी ही खिडकीशी उभी होती, पडदा बोटभर बाजूला करून. आमच्या खिडकीतून केंद्राचं दार समोर दिसतं.

"किती माणसं येतात हो तुमच्याकडे," ती म्हणाली.

"कुणीच येत नाही. अख्खा दिवस बसून होतो मी."

"येतात," ती म्हणाली. "दारापर्यंत येतात."

मी तिच्या शेजारी जाऊन पाहिलं. केंद्र बंद झालं होतं, दिवे मालवले होते. फुटपाथवर एक बाई उभी होती, बंद काचेकडे तोंड करून. मग ती निघून गेली. हिने पडदा सोडला.

२१ एप्रिल, सोमवार

सिस्टर सांगत होत्या, त्या घरोघरी जाऊन आल्या. आता त्यांनाही कुणी दार उघडत नाही. आत हालचाल ऐकू येते, भांडं वाजतं, कुणीतरी दाराजवळ येऊन उभं राहिल्याचं कळतं, पण कडी निघत नाही. "माझ्याबरोबर तुमचा कॅमेरा आलाय असं वाटतं त्यांना," त्या म्हणाल्या. नेहमीसारख्या चिडल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं.

"औषध थांबलं की काय होतं?" मी विचारलं. अडीच महिने इथला प्रमुख आहे आणि हे मी आज पहिल्यांदा विचारलं.

"गोळी चालू असली की तो विषाणू रक्तात दबून राहतो. इतका, की तपासणीत दिसत नाही आणि जोडीदारालाही लागत नाही. बंद झाली की पुन्हा उठतो."

"किती दिवसांत?"

"थोड्याच आठवड्यांत." आणि मग, जरा थांबून, "घरी सगळं ठीक आहे ना?"

मी म्हटलं, ठीक आहे, हिला जरा बारीक ताप असतो मधूनमधून. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि दुसरीकडे बघितलं. फारच मनाला लावून घेतात.

५ मे, सोमवार

सकाळी अकराच्या सुमाराला माझ्या टेबलावरच्या पडद्यावर, जिथे कॅमेऱ्यातलं दिसतं, दार उघडलं. आणि या वेळी कुणीतरी आत आलं. दीड महिन्यात पहिल्यांदा. बाई होती, डोक्यावरून ओढणी घेतलेली. कॅमेऱ्यासमोर आली, थांबली, ओढणी मागे सारली.

ही होती.

मी काय समजलो ते लिहितो. मला वाटलं, मी चष्मा विसरलो होतो तो घेऊन आली. मी उठलो, खिसे चाचपले, चष्मा डोळ्यांवरच होता. तरी मी हसत बाहेर गेलो. "अगं, इकडे कुठे? फोन करायचास, मी आलो असतो!"

ती पहिल्या रांगेत बसली होती. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकटी. हातात कार्ड होतं. तिने मान वर केली नाही.

घंटी वाजली. स्क्रीनवर नंबर आला. ती उठली आणि माझ्या बाजूने, मला ओलांडून, औषधाच्या खिडकीकडे गेली. सिस्टर आतून बाहेर आल्या आणि त्यांनी तिला दोन्ही हातांनी धरलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "साहेब, तुम्ही आत बसा जरा."

मी आत जाऊन बसलो. कॉफीच्या मशीनमधला दिवा लुकलुकत होता, तो बघत बसलो.

८ मे, गुरुवार

मधले दोन दिवस लिहिलं नाही.

ती म्हणाली, आपल्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कळलं. कुठून आलं ते तिने सांगितलं नाही. मला विचारायचं होतं, जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं, आणि मला स्वतःची किळस आली. नाही विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही मला बाहेर काढाल म्हणून सांगितलं नाही." मी म्हटलं, "मी असा वाटलो तुला?" ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात." खरं आहे, मीच म्हणालो होतो.

मग म्हणाली, "मी आले नसते. माझं काय व्हायचं ते झालं असतं. पण परवा तुम्ही झोपेत लहान खोलीत आलात आणि माझ्या पायाशी निजलात. मला वाटलं, हे आता माझ्या हातात राहिलं नाही."

मला आठवत नाही मी तिथे गेलेलो.

आज सिस्टरनी माझं रक्त घेतलं. निकाल येईपर्यंत हॉलमध्ये बसायला सांगितलं, खोलीत नको म्हणाल्या. मी खुर्चीत बसलो. खुर्च्या गुबगुबीत आहेत, पण त्यात बसून दाराकडे बघावं लागतं, तेव्हा ते कधी उघडेल आणि कोण आपल्याला बघेल याशिवाय डोक्यात दुसरं काही राहत नाही. माझी पाचावर धारण बसली होती. देवाला नवस बोललो, आजाराला शिव्या घातल्या, हिलाही घातल्या मनात, तेही लिहून ठेवतो.

सिस्टर आल्या. "तुम्हाला काही नाही."

मी रडलो. त्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं ती गोळी तिने गिळली आणि राखलं तुम्हाला. आता तुम्हीच सांगा, सरकारचा हा खर्च कुणावर झाला?"

१२ मे, सोमवार

कॅमेरा काढला. मी स्वतः शिडीवर चढलो. नियम मागे घेतल्याची पाटी दारावर लावली, की कुणीही कुणाच्याही ऐवजी यावं.

साहेब फोनवर ओरडले. पाहुणे आठ दिवसांवर आलेत आणि हा काय पोरखेळ. मी ऐकून घेतलं. काही माणसं येऊ लागलीत, मोजकी. ते आजोबा आले. पडदेवाली नाही आली. ही म्हणते, ती आता घाबरली, तिचा नाद सोडा.

हिचा ताप उतरलाय. गोळी पुन्हा सुरू झाली. सिस्टर म्हणतात, दबायला वेळ लागेल, धीर धरा. अजून लहान खोलीतच झोपते. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसतो जरा वेळ, आम्ही बंद दारातून बोलतो. आधी कधी इतकं बोललो नव्हतो.

२० मे, मंगळवार

पाहुणे आले. साहेब पहाटेपासून घामाघूम. हॉल अर्ध्याहून जास्त रिकामा दिसतोय म्हणून त्यांनी गाडीचा ड्रायव्हर, माळी आणि कॅमेरेवाल्याची दोन माणसं खुर्च्यांत आणून बसवली. "आजारी दिसा," असं त्यांना सांगितलं. ती चौघं मान खाली घालून खोकायला लागली. खरी ‘ऐवजी’ माणसं हे बघून चुपचाप उठली आणि निघून गेली. राहिले ते नुसते खोकणारे.

पाहुण्यांतल्या मुख्य बाई समजूतदार वाटल्या. इमारतीचं कौतुक झालं, खुर्च्यांचं झालं. मग त्या म्हणाल्या, "एवढा खर्च होतो, त्याचा फायदा नेमका कुणाला झाला, ते मला बघायचंय. एका तरी लाभार्थ्याशी बोलू द्या. तुमच्या निवडीचा नको, कुणीही चालेल."

साहेबांनी ड्रायव्हरकडे बोट दाखवायला हात उचलला होता. मी म्हटलं, "माझ्याशी बोला. मी आहे."

ड्रायव्हरचा खोकला तोंडातच राहिला. बाईंनी हसून हात पुढे केला होता, माझं बोलणं त्यांना पोहोचायला थोडा वेळ लागला. पोहोचलं तेव्हा तो हात हवेत जरासा थांबला आणि परत गेला, पदराखाली. वाईट बाई नव्हत्या. हात आपला आपण गेला. माझा हात तसाच पुढे राहिला.

"कधीपासून औषध चालू आहे?" त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

मला तारीख माहीत नव्हती. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून," मी म्हटलं. साहेब भिंतीला टेकले.

घरी येऊन हिला सांगितलं. वाटलं होतं, तिला बरं वाटेल. मी तिच्या ऐवजी उभा राहिलो, तिचं नावही घेतलं नाही. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आणि तुमच्या घरात दुसरं कोण राहतं, हे लोकांना ठाऊक नाही वाटतं?"

मला हे सुचलंच नव्हतं. मी तिथेच खाली बसलो. आजवर तिने जे जपलं, ते मी सगळ्यांदेखत एका वाक्यात उघडं केलं, आणि वर शाबासकी मिळेल म्हणून घाईघाईने घरी आलो.

२३ मे, शुक्रवार

तीन दिवस ती बोलली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सुटे पैसे हातात न देता काचेवर ठेवले. गाडी साफ करणारा गाडीची आतली बाजू सोडून देतो.

आज संध्याकाळी ती लहान खोलीतून बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली. "त्या बाईंनी हात मागे घेतला म्हणालात."

"हो."

"तेव्हा कसं वाटलं?"

"भीती वाटली," मी म्हटलं. "अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता आणि मला वाटलं, मी इथे नाहीच आहे."

"हं," ती म्हणाली. मग म्हणाली, "सोमवारी माझी तारीख आहे. रक्त द्यायचंय. मी जाणार आहे. आता लपवून काय उरलंय? माझ्या ऐवजी कुणी नको, तुम्हीसुद्धा नको."

"बरं. मी खोलीतच बसेन, बाहेर येणार नाही."

"खोलीत नको. त्या दिवशी रजा घ्या."

"म्हणजे घरी थांबू?"

"नाही," ती म्हणाली. "साहेब म्हणून नका येऊ. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसा."

मी रजेचा अर्ज लिहिला. मंजूर करणारा मीच, तेव्हा लगेच मंजूरही केला. सोमवार यायला मध्ये अजून दोन दिवस आहेत आणि मला आत्तापासूनच धडधडतंय.